ॲसिटेटवर आवाज आहे, नाव नाही. खरा गायक शोधायचा कसा?

दुसरी_बाजू:

मंडळी, इथे बरेच दिवस वाचतोय, लिहितोय पहिल्यांदाच. विषय साठच्या दशकातल्या अमेरिकन सोल म्युझिकचा आहे आणि जरा लांबण लागणार आहे, तेवढं सांभाळून घ्या.

दोन वर्षांपूर्वी एका लिलावातून जुन्या तबकड्यांचा गठ्ठा घेतला होता. त्यात तळाला एक दहा इंची ॲसिटेट निघालं, म्हणजे स्टुडिओत तिथल्या तिथे कापलेली एकुलती तबकडी. एका बाजूला खाचा, दुसरी बाजू कोरी. लेबल डेट्रॉइटमधल्या एका रेकॉर्डिंग स्टुडिओचं, छापील, त्यावर टाइपरायटरने गाण्याचं नाव आणि २:३८ एवढंच. 'आर्टिस्ट' असं छापलेल्या ओळीपुढे काहीही नाही. कोपऱ्यात पेन्सिलने काहीतरी लिहून बोटाने पुसल्यासारखं दिसतं पण ते वाचता येत नाही.

गाणं मात्र असं आहे की पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी तसाच उभा राहिलो. ड्रमचे दोन ठोके आणि थेट आवाज, सुरुवातीला बाकी वाजवणं वगैरे काही नाही. दुसऱ्या कडव्याच्या आधी घेतलेला श्वास स्पष्ट ऐकू येतो. शेवटी फेड होत नाही, बँड थांबतो आणि पियानोचा एक सूर मागे रेंगाळतो, मग कुणीतरी खुर्ची सरकवल्याचा आवाज, आणि संपलं.

आता चूक सांगतो. मी चाळीस सेकंदांची क्लिप कलेक्टर लोकांच्या एका ग्रुपवर टाकली. दोन तासांत एका जाणकार गृहस्थांनी छातीठोकपणे सांगितलं की हा अमुकच, डेट्रॉइटचा एक बऱ्यापैकी माहीत असलेला गायक, 'ऐकताक्षणी कळतं'. खाली दहा जणांनी मान डोलावली. आठवड्याभरात कुणीतरी ती क्लिप उचलून त्या नावाने व्हिडिओ साइटवर चढवली, 'अप्रकाशित' असं लिहून. आता गाण्याचं नाव सर्च केलं की तोच गायक येतो, आणि माझ्या कानाला तो आवाज त्याचा वाटत नाही, म्हणजे पहिल्या कडव्यात वाटतो, पण वरच्या सुरात गेल्यावर अजिबात नाही. ज्या कुणी हे गायलंय त्याचं आधीच कुठे नाव नाही आणि आता त्याच्या जागी माझ्यामुळे दुसऱ्याचं लागलंय, हे मनातून जात नाहीये. कुठून सुरुवात करू? कानावर भरवसा ठेवायचा का, की काही कागदपत्रं मिळतात? कुणी असा शोध घेतला असेल तर सांगा.

खरखर:

सगळ्यात आधी एक विनंती, ते ॲसिटेट वाजवणं आजपासून बंद करा. शोध नंतर.

आपण ॲसिटेट म्हणतो खरं पण ती ॲल्युमिनियमची चकती असते आणि वर नायट्रोसेल्युलोज लॅकरचा थर. स्टुडिओत गाणं झालं की निर्मात्याला घरी नेऊन ऐकायला किंवा रेडिओवाल्याला ऐकवायला ती तिथल्या तिथे कापून द्यायचे, दहा-पंधरा वेळा वाजली की काम झालं. पन्नास वर्षं टिकावी म्हणून कुणी बनवलेलीच नाही. प्रत्येक वेळी सुई फिरते तेव्हा वरचे सूर थोडे खरवडले जातात, आणि तुम्हाला गायक ओळखायचाय तर नेमके तेच हवेत, 'स' आणि 'श' कसे उच्चारलेत ते, श्वास, सुराच्या कडा. पांढुरकी साय धरल्यासारखं दिसतंय का वर? लॅकर लवचीक राहावा म्हणून घातलेलं तेल विघटित होऊन बाहेर येतं, ते पामिटिक ॲसिड असतं. ते दिसलं म्हणून स्पिरिट किंवा अल्कोहोल लावू नका, लॅकरच विरघळेल. तबकड्यांचं जतन करणाऱ्या माणसाकडे न्या आणि एकदाच, नीट, चांगल्या रिझोल्युशनला ट्रान्सफर, म्हणजे डिजिटल फाइल, करून घ्या. कापायला सांगू नका काहीही, सुई टेकल्यापासून उचलेपर्यंत सगळं ठेवायचं. गाण्याच्या आधीच्या आणि नंतरच्या दोन-तीन सेकंदांत पुष्कळ असतं. इंजिनिअर टेक नंबर बोलतो, कुणी कुणाला हाक मारतो, तुमची ती खुर्ची.

दुसरं म्हणजे वेग. तुम्ही म्हणताय वरच्या सुरात आवाज वेगळा वाटतो, मला आधी वेगाचीच शंका येते. अमेरिकेतली वीज ६० हर्ट्झची, त्यामुळे तिथल्या जुन्या रेकॉर्डिंगमध्ये कुठेतरी ६० चा गुणगुणाट शिरलेला असतो. तबकडीच्या स्वतःच्या घरघरीत ६० सापडणं कठीण म्हणून त्याच्या पटी बघायच्या, १२० आणि १८०, गाणं सुरू होण्याआधीच्या शांततेत. ६० च्या जागी ६२ दिसले तर सगळं तीन टक्क्यांहून जास्त वेगाने वाजतंय, म्हणजे साधारण पाव सूर चढलेलं. ऐकायला हे किरकोळ वाटतं पण आवाजाचा पोत बदलतो, वय कमी वाटतं, कधी बाई की पुरुष हेही डळमळतं. फक्त एक सांभाळा, ट्रान्सफर करणाऱ्या जागेची वीज ५० ची असेल तर ५० आणि १०० चा गुणगुणाट तिकडचा असतो, आणि ६० च्या देशात ट्रान्सफर केला आणि बरोबर ६० वर रेघ दिसली तर ती मूळ रेकॉर्डिंगची की ट्रान्सफरच्या मशीनची हे सांगता येत नाही.

मंद्रसप्तक:

खरखर यांनी तांत्रिक सांगितलं, मी कानाबद्दल बोलतो कारण या विषयात मी स्वतः तोंडघशी पडलोय आणि मला अजून ते लागतं.

'ऐकताक्षणी कळतं' हे वाक्य ऐकलं की मी सावध होतो. साठच्या दशकातले हे सगळे गायक एका तालमीतले, बहुतेक सगळे चर्चच्या गॉस्पेलमधून, म्हणजे भक्तिगीतांमधून, आलेले. आपण नाही का म्हणत अमक्याच्या गळ्यात तमक्याची हरकत आहे, तसंच आहे ते. सॅम कुक गॉस्पेल ग्रुप सोडून बाहेर आला आणि त्याची ती सुरावरून घसरत खाली येण्याची लकब किती जणांनी उचलली त्याला गणती नाही. डेट्रॉइटमध्ये फोर टॉप्सच्या लेव्ही स्टब्जसारखं कळवळून गाणारे गल्लोगल्ली, शिकागोत कर्टिस मेफील्डसारखं हलक्या, उंच फॉल्सेटो आवाजात गाणारे. हरकत ओळखली म्हणजे गळा ओळखला असं होत नाही, हरकत उसनी घेता येते.

आणि छापील लेबलवर नाव असलं तरी ते खरं असतंच असं नाही, हे लक्षात घ्या. १९६२ साली 'ही'ज अ रेबेल' क्रिस्टल्स या मुलींच्या ग्रुपच्या नावाने आलं आणि पहिल्या नंबरावर गेलं, पण त्यात क्रिस्टल्स नाहीतच, मुख्य आवाज डार्लीन लव्हचा आणि सोबत तिचा ब्लॉसम्स हा ग्रुप. क्रिस्टल्स दुसऱ्या शहरात होत्या आणि निर्मात्याला घाई होती. १९६८ चं 'लव्ह चाइल्ड' घ्या, लेबलवर डायना रॉस आणि सुप्रीम्स, पण मागे गाणाऱ्या सुप्रीम्सच्या दोघी मेरी विल्सन आणि सिंडी बर्डसाँग नाहीत, मोटाउन या डेट्रॉइटच्या रेकॉर्ड कंपनीच्या पगारी स्टुडिओ गायिका आहेत, अँडान्टीस. जॅकी हिक्स, मार्लीन बॅरो आणि लूव्हेन डेम्प्स अशा तिघी. या बायकांचे आवाज मोटाउनच्या असंख्य हिट गाण्यांत आहेत आणि बहुतेक ठिकाणी नाव नाही. ड्रिफ्टर्सचं तर नावच मॅनेजरच्या मालकीचं होतं, १९५८ मध्ये त्याने अख्खा ग्रुप काढून टाकला आणि दुसराच ग्रुप त्या नावाखाली उभा केला, त्यात बेन ई. किंग होता. म्हणजे नाव तेच आणि माणसं पार वेगळी.

आता सगळ्यात अवघड उदाहरण. टॅमी टेरेल ब्रेन ट्यूमरने आजारी होती तेव्हा १९६९ मध्ये मार्विन गेसोबत तिचा 'ईझी' अल्बम आला. पुढे मार्विनने सांगितलं की त्यातला बराच आवाज व्हॅलरी सिम्प्सनचा आहे, जिने अॅशफर्डबरोबर ती गाणी लिहिली आणि निर्मिती केली. व्हॅलरी सिम्प्सनने ते नाकारलं, आपण फक्त टॅमीला शिकवण्यासाठी वाट दाखवणारा आवाज गायलो होतो असं तिचं म्हणणं. ज्यांनी स्टुडिओत उभं राहून ते केलं त्यांच्यातच एकवाक्यता नाही, मोठ्या कंपनीचा अल्बम, सगळ्या जगाने ऐकलेला. तिथे चाळीस सेकंदांच्या क्लिपवरून छातीठोक कोण सांगणार?

माझं सांगतो. अलाबामातल्या फेम स्टुडिओच्या एका डेमो टेपवरचं गाणं ऐकून मी ठामपणे लिहिलं होतं की हा कुणीतरी दक्षिणेतला कृष्णवर्णीय गायक, बहुधा चर्चमध्ये वाढलेला. तो डॅन पेन निघाला, गोरा मुलगा, गाणी लिहायचा आणि दुसऱ्यांना ऐकवायला स्वतः गाऊन ठेवायचा. त्याचे ते डेमो २०१२ साली रीतसर निघालेही. तेव्हापासून मी आवाजावरून वर्ण, गाव, वय काहीच सांगत नाही.

यावरून एक आठवलं, तुमच्या ॲसिटेटवरचा आवाज 'गायका'चा असेलच असंही नाही. गीतकार स्वतः किंवा स्टुडिओत जो हाताशी असेल तो डेमो गायचा. मार्था रीव्ज मोटाउनच्या ऑफिसात सेक्रेटरी होती आणि डेमो गात होती. डिऑन वॉर्विक बॅकरॅक आणि डेव्हिड या गाणी रचणाऱ्या जोडीसाठी डेमो गायची, तिथूनच पुढे आली.

दुसरी_बाजू:

खरखर, साय आहे, कडेला बोटभर. मी तर मऊ कापडाला स्पिरिट लावून पुसणारच होतो या रविवारी, थांबलो. वाचवलंत.

मंद्रसप्तक, डेमोचं डोक्यातच आलं नव्हतं. पण बँड पूर्ण आहे, ट्रम्पेट वगैरे सगळं, त्यामुळे नुसता डेमो वाटत नाही.

कोरी_पट्टी:

मध्येच विचारतो, माझ्याकडे ॲसिटेट नाही, साधी ४५ आहे, म्हणजे ४५ फेऱ्यांची छोटी तबकडी, लेबलचं नाव कुठेच सापडत नाही, वर्षही नाही. तिचं काय करायचं?

खरखर:

कोरी पट्टी, लेबलजवळच्या गुळगुळीत भागावर तिरका उजेड पाडून बघा, काय खरवडलंय किंवा ठोकलंय ते. आरसीए या मोठ्या कंपनीने बाहेरच्यांसाठी दाबून दिलेली असेल तर नंबरचं पहिलं अक्षर वर्ष सांगतं, एस म्हणजे १९६५, टी १९६६, यू १९६७, डब्ल्यू १९६८. छोटा त्रिकोण आणि पुढे आकडा असेल तर लॉस एंजेलिसचा मोनार्क हा तबकड्यांचा कारखाना, ते आकडे क्रमाने चढत गेलेत त्यामुळे महिन्यापर्यंत अंदाज बांधता येतो. कारखाना कळला की शहराचाही थोडा अंदाज येतो, पण जपून, लांबून लांबून लोक तिथे दाबायला पाठवायचे.

जुनी_कात्रणं:

उशिरा आले पण हा धागा माझ्या जिव्हाळ्याचा आहे म्हणून सविस्तर लिहिते.

गायक शोधायचा तर गायकापासून सुरुवात करू नका, गाण्यापासून करा. गायकाचं नाव कुणी लिहून ठेवायची सक्ती नव्हती, गाण्याच्या मालकीत मात्र पैसा होता म्हणून ते लिहिलं जायचं. अमेरिकेत १५ फेब्रुवारी १९७२ च्या आधीच्या ध्वनिमुद्रणाला केंद्रीय कायद्याचा कॉपीराइटच नव्हता, पण शब्द आणि चाल यांना होता, आणि न छापलेलं गाणंसुद्धा नुसती स्वरलिपी पाठवून नोंदवता यायचं. अशा अप्रकाशित गाण्यांच्या नोंदणी क्रमांकाची सुरुवात 'ईयू' या अक्षरांनी होते. या नोंदींचे जाडजूड छापील कॅटलॉग निघायचे आणि ते आता स्कॅन होऊन फुकट बघायला मिळतात. तुमच्याकडे गाण्याचं नाव टाइप केलेलं आहे, म्हणजे अर्धी लढाई जिंकलीत. १९६३ ते १९७० एकेक खंड काढून बसा. मशीनने वाचलेल्या मजकुरावर विसंबू नका, स्कॅन खराब असतात, पान स्वतः डोळ्यांनी बघायचं. एकाच नावाची पाच-सहा गाणी निघतील, मग गीतकार कुठला, हक्क कुणाकडे, ते डेट्रॉइटशी जुळतं का ते बघायचं. बीएमआय आणि ॲस्कॅप या गीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थांच्या याद्याही ऑनलाइन आहेत, तिथे गीतकाराची बाकीची गाणी दिसतात. ती कुणी कुणी गायली ते बघितलं की चार-पाच नावांचं वर्तुळ तयार होतं. तुमचा गायक बहुतेक त्या वर्तुळात किंवा त्याच्या एका पावलावर असतो.

वादकांच्या युनियनची कंत्राटं मिळाली तर सोनं. तारीख, स्टुडिओ, गाण्याचं नाव, कोण काय वाजवत होता, कुणाला किती पैसे, सगळं. पण लोक एक गोष्ट विसरतात, त्या कागदावर गायक नसतो. तो वादकांचा कागद, गायकांची युनियन निराळी. कितीदा तरी बास गिटारवाल्याचा पत्तासुद्धा मिळतो आणि जिने गाणं गायलं ती कुठेच नाही. तरी उपयोग असा की वादक हयात असेल तर त्याला विचारता येतं. आणि कृष्णवर्णीय समाजाची वर्तमानपत्रं बघा, डेट्रॉइटसाठी मिशिगन क्रॉनिकल. क्लबच्या जाहिरातीत शुक्रवारी कोण गाणार, शनिवारी कोण, ते बारीक अक्षरात असतं. ज्यांची एकही रेकॉर्ड निघाली नाही अशांची नावं फक्त तिथेच उरलीत.

आता एक खरी गोष्ट सांगते, मला ती आठवली की बळ येतं. ओहायोतल्या कोलंबस शहरात प्रिक्स नावाचं छोटंसं लेबल होतं. त्यांच्या स्टुडिओच्या जुन्या टेप्स एका घरातलं सामान विकायला काढलं तेव्हा कुणीतरी उचलल्या, आणि शिकागोच्या न्युमेरो ग्रुपने २००७ मध्ये त्यातली गाणी काढली. त्यात एक साधा रिहर्सल डेमो होता, 'यू अँड मी', एक मुलगी गातेय, मागे पोरांचे आवाज, आणि जेमतेम एक गिटार. पेनी अँड द क्वार्टर्स एवढंच नाव, ही पेनी कोण ते काढणाऱ्यांनाही माहीत नव्हतं. २०१० साली ते गाणं एका अमेरिकन सिनेमात आलं, एकदम जगभर पोचलं, वर्तमानपत्रांत बातम्या आल्या की हिला शोधतायत. २०११ मध्ये ती सापडली, तेही कोलंबसमध्येच, आणि मागे गाणारे तिचे सख्खे भाऊ होते. इतकी वर्षं ते गाणं बाहेर कुणीतरी ऐकतंय याची तिला कल्पना नव्हती. गाणं लिहिणारा जे रॉबिन्सन मात्र २००९ मध्येच गेला होता. दोन वर्षं फक्त. मी जेव्हा जेव्हा 'बघू नंतर' म्हणून एखादा शोध बाजूला ठेवते तेव्हा हे दोन आकडे डोळ्यांसमोर येतात.

आणि बघा, तिथे कुणी अंदाजाने मोठ्या गायिकेचं नाव चिकटवलं नव्हतं. चिकटवलं असतं तर शोधायला कोण गेलं असतं?

लांबचा_श्रोता:

सगळं पटतंय पण मला मनापासून विचारायचंय, नावाने इतका फरक पडतो का? उत्तर इंग्लंडमध्ये सत्तरच्या दशकात पोरं रात्रभर या गाण्यांवर नाचली, त्यांना तरी कुठे खरी नावं माहीत होती, डीजे मुद्दाम लेबलवर कागद चिकटवून खोटी नावं सांगायचे. गाणं जगलं ना पण.

मंद्रसप्तक:

लांबचा श्रोता, गाणं जगलं हे शंभर टक्के खरं, आणि त्या पोरांचे उपकार आहेत, नाहीतर हा निम्मा खजिना कचऱ्यात गेला असता. पण त्या 'कव्हर-अप'चं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरणच बघा. फ्रँक विल्सनचं 'डू आय लव्ह यू (इन्डीड आय डू)', मोटाउनने १९६५ मध्ये दाबलं आणि बाजारात न आणता प्रती नष्ट केल्या, मोजक्याच उरल्या. फ्रँक विल्सन पुढे तिथेच निर्माता झाला. उत्तर इंग्लंडमधल्या विगन कसिनो या नाचाच्या क्लबात ते गाणं वाजलं तेव्हा दुसऱ्या डीजेंना माग लागू नये म्हणून त्याला एडी फॉस्टर म्हटलं गेलं. आता एडी फॉस्टर नावाचा खरोखरचा गायक होता, त्याची स्वतःची रेकॉर्ड आहे. म्हणजे एकाच्या कष्टावर दुसऱ्याचं नाव, आणि ज्याचं नाव वापरलं त्यालाही काही विचारलेलं नाही. १९७९ मध्ये ते इंग्लंडमध्ये खऱ्या नावाने निघालं. मूळ प्रत २००९ मध्ये पंचवीस हजार पौंडांच्या वर गेली आणि २०२० मध्ये एक लाख पौंडांना. तिथे निदान लेबलवर खरं नाव छापलेलं होतं, कागद सोलला की दिसलं. ॲसिटेटवर कागदाखाली काहीच नसतं हो, खोटं नाव एकदा बसलं की सोलायला काही उरत नाही.

अजून एक, त्याच गाण्याच्या वाद्यांच्या ट्रॅकवर मोटाउनने क्रिस क्लार्क या गायिकेकडूनही गाऊन घेतलं होतं. असं तिथे सर्रास चालायचं, एकच ट्रॅक आणि त्यावर तीन-तीन गळे. म्हणून 'हा बँड ओळखला म्हणजे गायक ओळखला' हेही धरून चालू नका, दुसरी_बाजू.

जुनी_कात्रणं:

आणि नावाने पैशाचाही फरक पडतो, फक्त मानाचा नाही. युरोपात २०११ च्या निर्देशामुळे प्रकाशित ध्वनिमुद्रणांचं संरक्षण पन्नासवरून सत्तर वर्षांवर गेलं, पण जे कधी बाहेरच आलं नाही ते पन्नास वर्षांनी खुलं होतं. म्हणून तर २०१० च्या दशकात मोटाउनने वर्षअखेरीला पन्नास वर्षांपूर्वीच्या न काढलेल्या गाण्यांचे ढीग डिजिटलवर टाकले. अशा वेळी गाणाऱ्याचं नाव बरोबर लागलं तर त्या घरात रॉयल्टीचा कागद जाऊ शकतो, चुकीचं लागलं तर नाही.

दुसरी_बाजू:

तीन आठवड्यांनी लिहितोय, माफ करा. सांगण्यासारखं आहे.

ट्रान्सफर झाला. ज्यांनी केला त्यांनी साय काढायला दोन दिवस घेतले, मग एकदाच वाजवलं. खरखर, तुमची शंका बरोबर निघाली पण उलट्या दिशेने. १२० च्या जागी रेघ ११६ च्या आसपास आहे आणि १८० च्या जागी १७४, म्हणजे माझं टर्नटेबल आणि ती क्लिप सोडा, मूळ चकती कापली तेव्हाच टेप हळू चालत होती. ट्रान्सफर ५० वाल्या जागी केलाय त्यामुळे ती रेघ तिकडची नाही. वेग दुरुस्त करून ऐकलं आणि मी पंधरा मिनिटं काही बोललोच नाही. तो पुरुषाचा आवाज नाहीये. खालच्या पट्टीत गाणारी बाई आहे, भरदार आवाजाची, आणि वरच्या सुरात मला जे खटकत होतं ते तेच होतं.

गाण्याच्या आधी सव्वा सेकंद इंजिनिअर बोलतो. टेकचा आकडा आणि पुढे एक नाव, नुसतं पहिलं नाव. बाईचं. ते इथे लिहीत नाही, एकदा जे केलंय ते पुन्हा करायचं नाही.

कात्रणं ताई, कॅटलॉग काढून बसलो. १९६६ च्या खंडात सापडलं, ईयू नंबरच आहे, दोन गीतकार, आणि त्यातल्या एका गीतकाराचं पहिलं नाव तेच, जे इंजिनिअर बोलतो. स्पेलिंगसकट जुळतं की नाही ते ऐकून कसं सांगणार, पण उच्चार तोच. म्हणजे कदाचित तिने स्वतः लिहिलं आणि स्वतःच गायलं. कदाचित. दुसरा गीतकार २००० नंतर वारला असं एका श्रद्धांजलीत मिळालं, त्यात मुलीचा उल्लेख आहे. श्रद्धांजली छापणाऱ्या अंत्यविधी संस्थेमार्फत त्या मुलीला पत्र पाठवलंय, तिचा पत्ता मी शोधला नाही, त्यांनीच पुढे द्यावं अशी विनंती केली.

ती क्लिप चढवणाऱ्यालाही लिहिलं, वेगाचा पुरावा आणि कॅटलॉगच्या पानाचा फोटो जोडून. दोनदा उत्तर नाही आलं, तिसऱ्यांदा आलं. त्याने नाव काढलं, आता तिथे 'गायिका अज्ञात, डेट्रॉइट, अंदाजे १९६६' असं आहे. ज्या गृहस्थांनी पहिल्यांदा नाव सांगितलं होतं त्यांनीही ग्रुपवर स्वतःहून चूक कबूल केली, मला खूप बरं वाटलं.

खरखर:

११६ आणि १७४, दोन्ही सव्वातीन-साडेतीन टक्क्यांच्या आत बसतात, एकमेकांशी जुळतात म्हणजे मोजमाप पक्कं आहे. दुरुस्त केलेली फाइल वेगळी ठेवा आणि मूळ ट्रान्सफरला हात लावू नका. आनंद झाला वाचून.

जुनी_कात्रणं:

डोळ्यांत पाणी आलं हो.

एक सांगते, पत्राला उत्तर आलं आणि फोन झाला तर लगेच गाणं वाजवून 'ही तीच ना?' असं विचारू नका, आणि ते पहिलं नावही तुम्ही घेऊ नका. माणूस आपल्याला हवं ते उत्तर देतो, विशेषतः समोरचा इतक्या लांबून आस्थेने विचारत असला की. वडिलांबरोबर कोण कोण लिहायचं, घरी कोण यायचं, पियानो कुठे होता, असं विचारा आणि ऐकत राहा. नाव त्यांच्या तोंडून आलं तर तारीख घालून लिहून ठेवा, त्यांच्याच शब्दांत. गाणं त्यानंतर ऐकवा, आणि पूर्ण ऐकवा, खुर्ची सरकवल्याच्या आवाजापर्यंत.